बोंडूचा चोथा आणि रेडकाचं पोट

शिगमो उतरला आणि पत्रं सुरू झाली. मार्च ते मे या सदरात गोचीड, पान्हा, लाळ्या-खुरकूत हे नेहमीचे विषय मागं पडतात आणि निम्मे लोक एकच गोष्ट विचारतात : फेणीच्या भट्टीवर बोंडू (काजूचं फळ) पिळून उरलेल्या चोथ्याचं काय करू? या वेळी एका पाकिटाच्या कोपऱ्यावर बोंडूच्या रसाचा डागच पडला होता. कपड्यावरून जात नाही, तसा कागदावरूनही जात नाही तो. सोबत अननसवाले, आंबेवाले, फणसवाले आहेतच. पत्रं कापून छापते आहे. नावं कोणाचीच देत नाही. कोणाच्या गोठ्यात किती रेडे आहेत हे गावाला तसंही ठाऊक असतं.

प्रश्न : डॉक्टरबाई, आमची गोव्यात सत्तरी तालुक्यात केरीला काजूची बाग आहे, स्वतःची भट्टी आहे. दीड वर्षाची चार रेडकं बांधली आहेत, मांसासाठी विकायच्या हिशेबानं. हंगामात रोज सत्तर-ऐंशी किलो चोथा निघतो, तो आजवर ओहोळाच्या कडेला टाकत होतो. मेहुणे म्हणतात, तोच घाल पोटभर, पेंडीचे पैसे वाचतील. पहिल्या दिवशी घातला तर अधाशासारखा खाल्ला. दुसऱ्या दिवशी दोघांचं शेण पातळ झालं. बंद करू की चालू ठेवू? चालू ठेवला तर वजन किती चढेल?

उत्तर : बंद करू नका. मेहुण्यांचं मात्र ऐकू नका.

आधी एक जुनी गोष्ट सांगते, कारण ती मला अजून टोचते. मी मुंबईला परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत होते, उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले होते. वडिलांची भट्टी होती. (घाटावरच्या वाचकांनी पुढं 'कोळंबी' वाचून मासळी समजू नये, बोंडू तुडवायच्या कुंडीला आमच्याकडं कोळंबी म्हणतात.) एका रात्री नांगराच्या जोडीतला एक बैल दावं तोडून कोळंबीपाशी गेला आणि दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेले बोंडू आणि आदल्या दिवसाचा चोथा, जे मिळालं ते खाऊन बसला. सकाळी पाय फाकून झुलत उभा. गडी हसले : "हुर्राक चढली त्याला." मीही हसले. दुपारी त्याचे डोळे खोल गेले, शेण पाण्यासारखं आणि आंबूस वासाचं पडायला लागलं, डाव्या कुशीत मूठ दाबली की अर्ध्या भरलेल्या कळशीसारखं आत हिंदकळायचं. संध्याकाळी बसला तो उठलाच नाही. हाच रोग मी त्याच वर्षी परीक्षेत दोन पानं भरून लिहिला होता, मार्कही चांगले मिळाले होते. गोठ्यात समोर उभा राहिला तेव्हा ओळखला नाही. वडील मला काही बोलले नाहीत. पावसाळ्याआधी त्यांनी कोळंबीभोवती छातीएवढा गडगा घालून घेतला, एवढंच.

ती दारू नव्हती, म्हणजे मुख्यतः नव्हती. गुराच्या कोठीपोटात कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात आणि पेंढा, गवत असलं चिवट खाणं सावकाश आंबवणं हे त्यांचं काम. बोंडूत साखर भरपूर. ती एकदम घमेलंभर पोटात गेली की साखरेवर जगणारे जीव झपाट्यानं वाढतात, लॅक्टिक आम्ल तयार होतं, आणि कोठीपोट इतकं आंबट होतं की बाकीचे जीव मरतात. अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं, म्हणून डोळे खोल आणि शेण पातळ. तुमच्या दोन रेडकांना झालं ती त्याचीच पहिली पायरी. पातळ शेण हे 'पोट साफ झालं' याचं लक्षण नव्हे, हे कृपा करून मेहुण्यांना सांगा.

आता दोन दिवस नुसता पेंढा आणि पाणी द्या. रवंथ नीट सुरू झालं की चोथा परत सुरू करा, पण एका रेडकाला अर्धा किलोपासून. दर दोन दिवसांनी अर्ध्या किलोनं वाढवा. पोटातल्या जिवांना नव्या खाण्याची सवय व्हायला दोन आठवडे लागतात. सकाळी उपाशीपोटी चोथा टाकायचा नाही. आधी पेंढा, मग चोथा, तोही दोन वेळा विभागून.

किती द्यायचा याचा हिशेब टेपनं होतो. रेडकू सरळ उभं करा, पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात घ्या. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे अंदाजे किलो. छप्पन्न इंच घेर आणि अठ्ठेचाळीस इंच लांबी असेल तर २२८ किलो. एवढं जनावर दिवसाला वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे पावणेसहा किलोच्या आसपास कोरडा चारा खातं. 'कोरडा' म्हणजे त्यातलं पाणी वजा करून. आणि मेहुण्यांचा हिशेब चुकतो तो इथंच. दाबून नीरो (रस) काढून घेतल्यावरही चोथ्यात शंभरात सत्तर-पंचाहत्तर पाणीच असतं. तुमचे ऐंशी किलो म्हणजे खरं खाणं वीस किलो. बाकी साठ किलो पाणी तुम्ही डोक्यावरून गोठ्यात नेताय.

कोरड्या हिशेबानं चोथा एकूण खाण्याच्या पाचव्या भागापर्यंत ठेवा. २२८ किलोच्या रेडकाला ते ओल्या चोथ्याचे साडेचार किलो होतात, टोपली नव्हे. बाकीचं असं बसतं : अडीच किलो पेंढा, पाच किलो गिरिपुष्पाचा पाला, आणि खोबऱ्याची पेंड व भाताचा कोंडा समसमान मिळून सव्वा ते दीड किलो. वर तीस ग्रॅम मीठ आणि तीस-चाळीस ग्रॅम क्षारमिश्रण.

पेंड पूर्ण का बंद करता येत नाही, तेही सांगते. बोंडूत साखर आहे, पण मांस साखरेचं बनत नाही. वाढत्या रेडकाच्या खाण्यात शंभरात अकरा-बारा तरी प्रथिनं हवीत. चोथ्यात त्याहून कमी, पेंढ्यात तर तीन-चारच. त्यातून बोंडूत टॅनिन असतं, ज्यानं आपली जीभ आवळते ते. ते पोटात प्रथिनांना धरून बसतं, म्हणजे आहे त्यातलंही थोडं हातचं जातं. म्हणून पेंड निम्म्यावर आणा, बंद करू नका, आणि उरलेली कसर कुंपणावरच्या गिरिपुष्पातून भरून काढा. त्याचा उग्र वास जनावराला पहिले चार दिवस आवडत नाही. पाला सकाळी तोडून संध्याकाळपर्यंत सुकवला की खातात.

एवढं केलं, जंताचं औषध वेळेवर दिलं, तर आपल्याकडच्या रेडकाला दिवसाला चारशे-पाचशे ग्रॅमची वाढ मिळावी. दर पंधरा दिवसांनी त्याच वेळी, पाणी पाजण्याआधी, टेप लावा आणि भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा. टेपेचा आकडा खरा वजनकाटा नव्हे, पण तो चढतोय की थांबलाय हे तुम्हाला मेहुण्यांपेक्षा आधी सांगेल.

आणखी दोन गोष्टी. चोथ्यात राहून गेलेल्या बिया वेचून काढा. काजूच्या टरफलातलं तेल आपल्या बोटांची कातडी सोलतं, जनावराच्या तोंडाचं तेच करतं. आणि भट्टी उतरल्यावर भाणात उरलेलं आंबट पाणी गुरांना पाजू नका. ते तांब्याच्या भांड्यात तासन् तास उकळलेलं असतं आणि आंबट पाण्यात तांबं उतरतं.

जाता जाता : बोंडू गोळा करायला रानात जाता तेव्हा अंगाला गोचीड-प्रतिबंधक तेल लावूनच जा. सत्तरीत माकडतापाचे हंगाम तुम्ही पाहिलेले आहेत, मी नव्यानं सांगायला नको.

प्रश्न : आमच्या बचत गटातल्या सहाजणींच्या मिळून नऊ म्हशी आणि पाच रेडकं. गावात तीन भट्ट्या आहेत, चोथा फुकट मिळतो. पण मे संपला की तो संपतो. साठवता येईल का? गेल्या वर्षी गोणीत भरून ठेवला तर आठ दिवसांत हिरवी बुरशी आली. – सर्वण, डिचोली

उत्तर : गोणीला भोकं असतात, त्यातून हवा जाते, हवेत बुरशी वाढते. चोथा टिकवायचे दोनच रस्ते : एक तर पाणी काढून टाका, नाही तर हवा.

पाणी काढणं एप्रिलमध्ये सोपं. कातळावर किंवा खळ्यावर चोथ्याचा बोटभर जाड थर पसरा, दुपारी एकदा उलटा, संध्याकाळी दवापासून झाका. तीन-चार कडक उन्हांत तो मोडला की कट्कन आवाज येईल असा होतो. शंभर किलोचे अठ्ठावीस-तीस किलो उरतात. रडू नका, गेलं ते पाणी होतं. भट्टीवरून आणल्याच्या दिवशीच पसरायचा. दुपारपर्यंत ढीग ठेवलात तर आतून गरम होतो, आंबतो, आणि आंबलेला सुकवून काही उपयोग नाही. सुकलेला घट्ट बंद पिंपात किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. जूनमध्ये आपल्याकडं पापड नरम पडतो तसा हाही पडतो, आणि मग बुरशी. सुका चोथा देताना पाण्याचा शिपका मारून पेंडीत कालवून द्या, नाहीतर जनावर फुंकर मारून उडवून देतं.

दुसरा रस्ता मुरघास. तुम्ही सहाजणी आहात, तर मी हाच सांगेन, कारण तुडवायला माणसं लागतात. दोनशे लिटरचं झाकणवालं निळं पिंप घ्या, पण आत पूर्वी काय होतं ते विचारून. रसायनाचं असेल तर कितीही धुतलं तरी नको. नुसता चोथा भरला तर पाणी जास्त होतं आणि मुरण्याऐवजी कुजतो. म्हणून चार घमेली चोथा आणि वजनानं त्याच्या पाव भाग पेंढ्याची कुट्टी, दोन बोटं लांबीची. ऐंशी किलो चोथ्याला वीस किलो पेंढा. पेंढा ते सगळं पाणी पितो आणि मिश्रणात साठ-पासष्ट टक्के ओल राहते, जी हवी. मुठीत घट्ट दाबून पाहा : बोटांमधून पाणी गळलं तर आणखी पेंढा, मूठ उघडल्यावर गोळा हळूहळू सुटला तर बरोबर. गूळ घालायची गरज नाही, बोंडूत साखर आहेच.

वीतभर थर टाकायचा, एकीनं आत उतरून तुडवायचा, मग पुढचा. आमच्या बायका कोळंबीत बोंडू तुडवतात त्याच्याहून जास्त जोरानं. तिथं रस काढायचा असतो, इथं हवा. काठोकाठ भरून वर प्लास्टिक, प्लास्टिकवर दोन जांभे चिरे, वर झाकण, झाकणाच्या कडेला मातीचा लेप. एका पिंपात सव्वाशे किलो बसतं. महिनाभर हात लावायचा नाही.

उघडायची घाई सगळे करतात. जून-जुलैत रान हिरवंगार असतं, तेव्हा पिंप कशाला फोडता? नीट बंद केलेला मुरघास वर्षभर टिकतो. मार्चमध्ये नवा चोथा येईलच, खरी ओढाताण जानेवारी-फेब्रुवारीची. तुमच्या पाच रेडकांना दोन महिने रोज चार किलो म्हटलं तर बाराशे किलो लागेल, म्हणजे दहा पिंपं. पहिल्या वर्षी दोनच करा. उघडल्यावर वरचा चार बोटं थर काळा दिसेल, तो खड्ड्यात टाका. खाली पिवळसर तपकिरी रंग आणि लोणच्यासारखा आंबट वास असेल तर जमलं. कुजट, नासलेल्या लोण्याचा वास आला तर पिंपच उलटं करा, हळहळू नका. बुरशीची गाठ दिसली तर गाठ काढून उरलेलं घालण्याची आपल्याकडं पद्धत आहे. बुरशीचं विष गाठीपुरतं राहत नाही.

पिंप उघडल्यावर रोज वरून सपाट थर काढा, विहीर खणल्यासारखं मधूनच नको. गाभण म्हशींना आणि दोन-तीन महिन्यांच्या वासरांना यातलं काही देऊ नका.

प्रश्न : पेंढ्यावर युरिया शिंपडून ठेवतात तसा चोथ्यात युरिया घातला तर प्रथिनांची कमतरता भरून निघेल ना? – पेडणे

उत्तर : कागदावर निघेल. पेंढ्याची कृती बरोबर आहे : शंभर किलो पेंढा, चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, एकवीस दिवस हवाबंद. ती मी अनेक गोठ्यांत स्वतः करून दाखवली आहे. फळाच्या चोथ्यात मात्र नको. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात १९७० च्या दशकात मांसासाठी पाळलेल्या गाभण गाईंना सफरचंदाचा चोथा आणि सोबत युरियासारखा नत्राचा पुरवठा दिला गेला. मेलेली, अशक्त, व्यंग असलेली वासरं जन्मली. ज्यांना चोथ्याबरोबर पेंडीतून प्रथिनं मिळाली त्यांची वासरं धड होती. बोंडू म्हणजे सफरचंद नव्हे हे मान्य, पण ही परीक्षा तुमच्या गोठ्यात कशाला? पेंड घाला. आणि युरियाची गोण गोठ्यात ठेवू नका. मिठाची समजून कोणीतरी हात घालतंच.

प्रश्न : सावईवेऱ्याला कुळागर (सुपारी-केळीची बागायत) आहे. अननसाचे तुरे आणि साली (आम्ही रस करून विकतो), केळीची खोडं, सुपारीच्या विऱ्या (झावळीच्या बुडाचं रुंद साल), असं सगळं निघतं. दोन बैल आणि एक रेडा आहे. काय घालू, काय नको?

उत्तर : कुळागरवाल्यांचा मला नेहमी हेवा वाटतो. अननस सगळ्यात चांगला. बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेनं तुरे आणि सालींचा मुरघास करून गुरांना देऊन पाहिलेला आहे. कृती वरचीच, फक्त तुरा बारीक कापायला हवा. अख्ख्या तुऱ्याच्या काटेरी कडा जिभेला आणि हिरड्यांना चिरतात. नुसती साल फार ओली आणि गोड, तुरा तंतूवाला. म्हणून तुरे जास्त आणि साली कमी असं मिश्रण ठेवा, तुऱ्यामुळं पेंढा कमी लागतो. ओली साल त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी तिच्यावर माश्या आणि तिसऱ्या दिवशी अळ्या.

केळीचं खोड म्हणजे उभी पाण्याची टाकी, शंभरात नव्वदच्या वर पाणी. उन्हाळ्यात पाण्याची सोय म्हणून घाला, खाणं म्हणून मोजू नका. चकत्या करून पेंढ्यात कालवा, आणि पेंड कमी करू नका. मी एका गोठ्यात दोन महिने केवळ खोडांवर ठेवलेला बैल पाहिला आहे. पोट ढोलासारखं, बरगड्या मोजता येत होत्या. मालकाला वाटत होतं, बैल खातोय. खातच होता तो.

विरी कोरडी असताना बारीक कापून पेंढ्याच्या जागी थोडी चालते. बोर्डो फवारणीनंतर पडलेली विरी मात्र नको, तिच्यावर मोरचूद असतो.

प्रश्न : म्हापशाला घरीच मानकुरादचा रस आटवून विकते. साली आणि बाठे यांची रास पडते. शेजारी रेड्यांसाठी मागतात. देऊ का?

उत्तर : साली द्या, दोन-तीन किलोच्या वर नको, आणि वर सांगितल्यासारख्या पेंढ्यानंतर. बाजारातून आणलेले आंबे असतील तर सालीवर काय फवारलंय ते तुम्हाला माहीत नसतं. आधी धुवून घ्या. आपल्याच झाडावरचे असले आणि मोहोरावर तुडतुड्यासाठी फवारणी केली असली, तर डब्यावर लिहिलेले दिवस मोजा. मांसासाठी विकायच्या जनावराच्या चरबीत काही औषधं साठून राहतात, आणि ती पुढं कोणाच्या तरी ताटात जातात.

अख्खा बाठा कधीच देऊ नका. तो गळ्यात अडकतो. मान ताणून, लाळ गाळत उभं राहिलेलं आणि पोट फुगत चाललेलं जनावर दिसलं तर काठी घालून खाली ढकलायचा प्रयत्न करू नका; अन्ननलिका फाटते. आम्हाला बोलवा. बाठ्याच्या आतला गर पिठुळ असतो, चरबीही बऱ्यापैकी असते, पण टॅनिनमुळं कडवट तुरट. फोडून, रात्रभर भिजवून, पाणी टाकून, उकडून, वाळवून दळला तर खुराकात दहातला एक भाग चालतो. एवढे सोपस्कार करायला तुम्हाला सवड आहे का, हा प्रश्न वेगळा. माझ्या आईला होती, पण तिच्याकडं फोन नव्हता.

प्रश्न : आपल्या सदरात मांसासाठी जनावर पोसायचे सल्ले येतात, हे आमच्या घरात कोणालाच रुचलं नाही. – साखळी

उत्तर : पत्र पूर्ण छापलं नाही, पण दोनदा वाचलं. तुमची नाराजी मला परकी नाही. माझ्या सासूबाई या विषयावर माझ्याशी आठवडाभर बोलल्या नव्हत्या. कायद्याचं सांगायचं तर गोव्यात गाय आणि वासरं यांच्या हत्येवर १९७८ पासून बंदी आहे. बैल-रेड्यांसाठी १९९५ चा वेगळा कायदा आहे, त्यात दाखला लागतो. या सदरात मी बोलते ते रेडकांबद्दल. म्हशीला रेडकू झालं की काय होतं ते तुमच्याही गावात दिसत असेल. पान्हा फुटेपर्यंत सोडायचं, मग ओढून बांधायचं. पारडीला दूध, रेडक्याला दावं. चार महिन्यांत ते हाडं-कातडं होऊन जंतांनी मरतं. चौतीस वर्षांच्या नोकरीत अशी किती पाहिली ते मोजलं नाही. कोणी रेडकाला पोटभर घालून, औषधपाणी करून वाढवत असेल आणि मला विचारत असेल, तर मी उत्तर देणार. तुम्ही ही पानं उलटून पुढं गेलात तरी मला राग येणार नाही. पुढच्या अंकात श्वेत कपिलेवर, आपल्या गोव्याच्या देशी गाईवर, लिहिते आहे, ते तुम्हाला आवडेल.

प्रश्न : मुलानं मोबाइलवर दाखवलं, परदेशात हजारो मांसल बैल फळांच्या चोथ्यावर पोसतात. मग आपल्यालाच एवढे नियम का? – काणकोण

उत्तर : पोसतात, खरं आहे. ब्राझील आणि फ्लोरिडात संत्र्याच्या रसाचे कारखाने साल-चोथ्यात चुना मिसळतात, पिळतात, भट्टीत वाळवतात आणि गोळ्या करून गोठ्यांना विकतात. फिलिपिन्समध्ये बुकिडनॉनला अननसाच्या कारखान्याच्या चोथ्यावर बैल वाढवले गेले. बोंडूसुद्धा मूळचा ब्राझीलचाच, पोर्तुगीज सोळाव्या शतकात इकडं घेऊन आले, आणि तिकडच्या ईशान्य भागात त्याचा चोथा गुरांना घालतातच. पण मुलाला तो व्हिडिओ परत लावायला सांगा आणि गव्हाणीत चोथ्याबरोबर आणखी काय दिसतं ते बघा. वाळवलेली वैरण असते, दाणा असतो, आणि गाडीवरच्या काट्यानं मोजून टाकलेला असतो. नियम त्यांनाही आहेत, व्हिडिओत ते दाखवत नाहीत एवढंच. जुने गोवेतल्या आयसीएआरच्या (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या) कृषी संशोधन संस्थेत काजूच्या चोथ्यावर काम झालेलं आहे. काणकोणहून लांब पडतं, पण मुलाला घेऊन एकदा जा.

प्रश्न : पोटात आंबलं असं वाटलं तर डॉक्टर येईपर्यंत काय करावं? – गुळेली

उत्तर : चोथा, पेंड, कोंडा सगळं बंद. नुसता पेंढा पुढं टाका. जनावर उभं असेल आणि गिळत असेल, तर खायचा सोडा, अंगाच्या किलोला एक ग्रॅम या मापानं, दोन-तीन लिटर पाण्यात विरघळवून सावकाश पाजा. दोनशे किलोच्या रेडकाला दोनशे ग्रॅम. पाजताना मान आढ्याकडं ताणू नका, पाणी फुप्फुसात जातं. बसलेल्या किंवा गुंगीतल्या जनावराला काहीच पाजू नका. ताक, लिंबू, चिंचेचं पाणी यांतलं काही नको, आधीच आत आंबट झालंय. आणि फोन करताना 'जनावर आजारी आहे' एवढंच सांगू नका. काय खाल्लं, किती खाल्लं, किती वाजता, ते सांगा. चोरून खाल्लं असेल तर तेही सांगा. आम्ही रागावत नाही. थोडं रागावतो.

प्रश्न : फणसाची चारखंडं (गरे काढून उरलेला सालीचा भाग) आमच्याकडं पूर्वीपासून गुरांना घालतात. त्यात काही धोका? – सांगे

उत्तर : या पत्रांतलं सगळ्यात निर्धास्त खाणं तुमचं. चारखंडात गोडी कमी आणि चोथा जास्त, जनावर चावत बसतं, लाळ सुटते, आणि लाळ पोटातलं आम्ल मारते. हातभर तुकडे न ठेवता चार बोटांचे करा आणि चीक असलेला देठाकडचा भाग काढा. मोठ्या रेड्याला सात-आठ किलोपर्यंत घाला. फणस ऐन पावसाच्या तोंडावर येतो, त्यामुळं वाळवायच्या फंदात पडू नका. ताजा घाला किंवा पिंपात मुरवा. आठळ्या अख्ख्या नकोत, उकडून ठेचून पेंडीत घाला.

धोका आहे तो पिकलेल्या गऱ्यांचा. त्यातही रसाळ फणसाचा. तो झाडावरून रात्री पडतो, फुटतो, आणि त्याचा वास मोकळ्या सुटलेल्या रेड्याला दोन कुळागरं ओलांडून येतो. मेअखेरीपासून रोज संध्याकाळी दिवेलागणीआधी झाडाखालून एक फेरी मारा, आणि रेडा बांधलाय का ते पाहा.